चापेकचे सॅलमँडर, कमाटीबाग आणि सुसंस्कृत कोण?

रावपुरेकर:
काल इथे कुणीतरी झेक लेखक कारेल चापेकच्या 'वॉर विथ द न्यूट्स' या कादंबरीबद्दल लिहिलं की त्यातले सॅलमँडर (सरड्यासारखे दिसणारे पाणप्राणी) कामं शिकले, बोलायला शिकले, पण त्यांच्यात ना गाणं ना साहित्य, म्हणून ते असंस्कृतच. आणि संस्कृती म्हणजे काय हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. ते वाचल्यापासून चैन नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

१९३६ची कादंबरी. सुमात्राजवळच्या बेटावर एका कप्तानाला दोन पायांवर उभे राहणारे सॅलमँडर सापडतात. तो त्यांना शार्कशी लढायला सुऱ्या देतो, ते त्याला मोती काढून देतात. पुढे कंपनी निघते, दर्जे पाडून डोक्यागणिक भाव ठरतो, देशोदेशीच्या किनाऱ्यांवर राबायला ते विकले जातात. यात असंस्कृत कोण?

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं प्रकरण आठवा. तिथला सॅलमँडर राखणदाराच्या सहवासात बोलायला आणि पेपर वाचायला शिकतो. शास्त्रज्ञांची समिती येते, प्रश्न विचारते आणि ठरवते की हा चारचौघांचीच मतं बोलतो, याची बुद्धी आजच्या सामान्य माणसाहून जास्त नाही, तेव्हा फार कौतुक नको. पुढे बघ्यांनी चारलेल्या गोडधोडाने पोट बिघडून तो मरतो.

माझं लहानपण बडोद्याच्या कमाटीबागेत गेलं. १८७९ची बाग, आत प्राणिसंग्रहालय. त्याच बागेत १९१७ साली, कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसून होते. उतरले होते त्या पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं, दोन मित्रांनीही घरात घेतलं नाही. गावात तेव्हा गायनशाळा होती, मध्यवर्ती ग्रंथालय होतं, संस्थानभर सक्तीचं शिक्षण लागू होऊन अकरा वर्षं झाली होती. गाण्या-पुस्तकांवरून सुसंस्कृत ठरवणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

दांडियाबाजार:
ते मीच लिहिलं होतं. प्रत्येक चर्चेत जात आणलीच पाहिजे का? चापेकचा रोख हिटलरवर होता. बाल्टिकचा सॅलमँडर उच्च वंशाचा, असं सांगणारा जर्मन शास्त्रज्ञ विसरलात? डिसेंबर १९३८मध्ये चापेक वारला, आणि काही महिन्यांनी हिटलरचे गुप्त पोलीस, गेस्टापो, त्याला पकडायला दारात आले. कुणाबद्दल लिहिलंय हे त्यांना बरोबर कळलं होतं. आणि बाबासाहेबांना परदेशी पाठवलं ते सयाजीरावांनीच, हे सोयीने गाळलंत.

मांजलपूरवासी:
मुद्दा सोडून बोलतेय, पण भाषेचं कुणीच काढलं नाही. सॅलमँडरांना कुठली भाषा शिकवायची यावरून कादंबरीत देशोदेशी वाद होतात. आमची बडोद्यातली ही चौथी पिढी. पुण्याला शिकायला गेले, पहिल्याच रात्री मेसमध्ये म्हटलं, "काकू, थोडं शाक वाढा ना." सगळं टेबल हसलं. दुसऱ्या दिवसापासून मी 'शाकबाई'. एकीने विचारलं, तुमच्याकडे मराठी शिकवतं तरी कोण? माझी आजी मला ओव्या म्हणत झोपवायची. नंतर तीन महिने तोंड उघडण्याआधी मी प्रत्येक वाक्य मनात जुळवून बघायचे. समितीपुढचा तो सॅलमँडर मला परका वाटला नाही.

फतेहगंज:
हसणाऱ्यांचं चुकलंच. पण ताई, भाजीला भाजी म्हणायला काय जातं? आज शाक, उद्या चोपडी, परवा 'मला गमतं'. बाहेर पाट्या गुजराती, शाळा इंग्रजी. माझ्या नातवाला तुकारामांचा एक अभंग वाचता येत नाही. भाषा राखायची तर शुद्धच राखावी लागते.

मांजलपूरवासी:
नातवाला देवनागरी शिकवली नाही, हा दोष शाकाचा? स्वतःला शाकाहारी म्हणवताना शाक चालतं, ताटात वाढलं की अशुद्ध?

फतेहगंज:
माझ्या वयाचा तरी मान ठेवा. १९६०ला राज्यं वेगळी झाली तेव्हा मी शाळेत होतो. उंबऱ्याबाहेर गुजराती, आत मराठी. ती आतली मराठी वडिलांनी शब्दाशब्दाला टोकून राखली. जेवताना घास हातात धरून ते थांबायचे, मी वाक्य नीट म्हटलं की मगच तोंडात घालायचे. तुम्हाला तो अपमान वाटतो. मला आज त्या टोकण्यासाठी जीव तुटतो.

मांजलपूरवासी:
काका, घरचं टोकणं वेगळं, भरल्या मेसमधलं वेगळं. वडिलांचं वाचून गलबलून आलं. शाकाहारीचं लागलं असेल तर माफ करा. शाक मात्र सोडणार नाही.

रावपुरेकर:
दांडियाबाजार, जर्मन शास्त्रज्ञ विसरलो नाही. पण पुढे माणसांवरच उलटणाऱ्या सॅलमँडरांच्या हाती शस्त्रं एकटे जर्मन देत नाहीत, सगळेच देतात. सगळं हिटलरच्या माथी मारलं की बाकीचे सुटतात. सयाजीरावांचं गाळायला नको होतं, मान्य. महाराजांनी शिकवून आणलं आणि त्याच महाराजांच्या नोकरीत शिपाई बाबासाहेबांपुढे लांबून कागद टाकायचे. दोन्ही गोष्टी आपल्याच गावच्या आहेत.

दांडियाबाजार:
रात्री पुस्तक पुन्हा काढलं. सॅलमँडर सगळे एकसारखे आणि त्यातच सुखी, चापेकला भीती त्याची होती, हे माझं मत कायम आहे. पण पोवोंद्राशी अडकलो. कप्तानाला उद्योगपतीच्या दारातून आत सोडणारा दरवान. वर्षानुवर्षं सॅलमँडरांची कात्रणं जमवतो, आणि शेवटी प्रागच्या नदीत सॅलमँडरचं डोकं दिसतं तेव्हा म्हणतो, हे माझ्यामुळे झालं.

माझे पणजोबा १९१७ला संस्थानच्या नोकरीत कारकून होते. कुठल्या खात्यात, हे घरात कुणालाच सांगता येत नाही. त्यांची शिसवी पेटी माळ्यावर आहे, आत नोकरीचे कागद आहेत असं आई म्हणते. रविवारी उतरवतोय.