मिशिगनने ‘राइट टू वर्क’ रद्द केले : कामगारांचा विजय की वर्गणीची सक्ती?

भोसरीचा_कारखानदार :
अमेरिकेतील मिशिगन राज्याने डिसेंबर २०१२ मध्ये केलेला ‘राइट टू वर्क’ कायदा, म्हणजे नोकरीसाठी युनियनची वर्गणी सक्तीची करण्यास बंदी घालणारा कायदा, २०२३ मध्ये रद्द केला आणि १३ फेब्रुवारी २०२४ पासून तेथील खासगी कंपन्यांत वर्गणीची सक्ती करणारे करार पुन्हा करता येऊ लागले. नोकरी टिकवायची असेल तर युनियनचे पैसे भरा, असे सांगणे आणि नाक्यावर उभे राहून हप्ता मागणे यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. २६ राज्यांत अशी सक्ती चालत नाही. युनियन खरोखर कामाची असेल तर कामगार आपणहून पैसे देईल.

डेट्रॉइटचा_वायरमन :
साहेब, ‘हप्ता’ वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. १९३५ च्या वॅग्नर कायद्यानुसार बहुमताने निवडलेली युनियन त्या विभागातील सर्व कामगारांची एकमेव प्रतिनिधी ठरते, आणि सभासद नसलेल्यांनाही तिने तितक्याच निष्ठेने सांभाळले पाहिजे, असे न्यायालयांचे बंधन आहे. म्हणजे पगारवाढ सर्वांना मिळवून द्यायची, तक्रार सर्वांची लढायची. मात्र १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना अशी मुभा दिली की, या खर्चाचा वाटा सक्तीने मागण्यास त्यांनी खुशाल बंदी घालावी.

मी सुट्या भागांच्या कारखान्यात विजेच्या देखभालीचे काम करतो. आमच्याकडे गैरहजेरीचे गुण मोजतात. उशिरा पंच केले की अर्धा गुण, न कळवता दांडी मारली की अधिक, आणि ठरावीक गुण भरले की नोकरी गेली. मिशिगनमध्ये ‘राइट टू वर्क’ लागू असताना वर्गणी बंद केलेला आमचा एक सहकारी असाच काढला गेला, कारण त्याच्या आजारपणाची रजा पर्यवेक्षकाने दांडीत धरली होती. युनियनने डॉक्टरांचे कागद जमवले, प्रकरण लवादापर्यंत नेले, लवादाच्या शुल्काचा आपला वाटा आमच्या वर्गणीतून भरला आणि त्याला थकलेल्या पगारासह परत आणले. त्यानंतरही त्याने एक डॉलर दिला नाही. वर्गणी तरी किती, तर महिन्याकाठी दोन-अडीच तासांची मजुरी! याला स्वातंत्र्य म्हणायचे की आयत्या बिळावरचा नागोबा, ते आपणच ठरवा.

ओहायोची_परिचारिका :
दादा, नागोबा म्हणून हिणवणे सोपे आहे. ओहायोत ‘राइट टू वर्क’ कायदा नाही, त्यामुळे आमच्या रुग्णालयात मी सभासद नसतानाही युनियनला पैसे देते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या बेक निकालानुसार सभासद नसलेल्याने आक्षेप घेतला तर त्याच्याकडून राजकारणाचा खर्च घेता येत नाही, हे खरे. परंतु आक्षेपाचे पत्र अमुक महिन्यातच द्यावे लागते, हे मला तो महिना उलटून गेल्यावर सांगण्यात आले. रात्रपाळ्यांच्या वाटपाबद्दल तक्रार केली, तेव्हा प्रतिनिधी बाईंनी ‘बघू’ म्हणून बोळवण केली. आणि वर्गणीच्या पावित्र्याबद्दल बोलायचे, तर युनायटेड ऑटो वर्कर्स या वाहन कामगारांच्या युनियनच्या दोन माजी अध्यक्षांना २०२१ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली, ती कामगारांच्याच पैशांवर डल्ला मारल्याबद्दल.

भोसरीचा_कारखानदार :
ताईंनी माझे काम हलके केले. शिवाय टेनेसीत हा कायदा असूनही चॅटनूगाच्या फोक्सवॅगन कारखान्यात एप्रिल २०२४ मध्ये कामगारांनी मोठ्या बहुमताने युनियन आणलीच. मग सक्ती हवी कशाला?

डेट्रॉइटचा_वायरमन :
त्याच कारखान्यात २०१४ आणि २०१९ मध्ये युनियन हरली होती, हे सोयीस्कररीत्या गाळलेत. शिवाय मिसुरीत हाच कायदा २०१८ मध्ये जनमतासाठी ठेवला गेला, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला.

लालबागची_लेक :
आपण सारे मिशिगनवर भांडता आहात, परंतु सक्तीच्या प्रतिनिधित्वाचा खरा जाच मुंबईच्या गिरणगावाने सोसला आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार नोंदवहीत पंचवीस टक्के सभासद दाखवणारी संघटना साऱ्या शहरातील कापड गिरण्यांची प्रातिनिधिक संघटना होऊ शकत असे. गुप्त मतदान नाही, काही नाही. अशी प्रातिनिधिक संघटना असलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाने केलेला करार सर्वांवर बंधनकारक असे. १९८१ च्या बोनस करारावर चिडलेले कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले, ते या कोंडीतून सुटण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांत माझे वडील होते. हा कायदा रद्द करा, ही त्यांची प्रमुख मागणी पगारवाढीखाली दबून गेली.

भोसरीचा_कारखानदार :
आणि त्या संपाने गिरण्या बुडाल्या! माझ्या थोरल्या काकांची नोकरी त्यात गेली आणि त्यांनी उरलेले आयुष्य गावी उसनवारीवर काढले. सामंतांचे गोडवे माझ्यासमोर गाऊ नका.

लालबागची_लेक :
गोडवे गायलेले नाहीत. वाचून उत्तर द्यावे. माघार कधी घ्यायची हे डॉक्टरांना कळले नाही, हे माझे वडीलही म्हणत. मात्र संपापूर्वीच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळू लागले होते, मालकांनी गिरण्यांत पैसा घालणे थांबवले होते, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील कलम ५८ ने गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली. परळच्या मॉलमध्ये फिरताना हा हिशेब आपल्या काकांच्या वतीने कोणाकडे तरी मागावा.

डेट्रॉइटचा_वायरमन :
ताई, दुःख समजते, पण दोन्हींची गल्लत नको. आमच्याकडे मतदान होते. कंटाळलेले कामगार मतदानानेच युनियन काढूनही टाकू शकतात.

लालबागची_लेक :
गल्लत नाही. सर्वांच्या वतीने बोलण्याची मक्तेदारी आपल्या युनियनलाही हवी आहे. ती मक्तेदारी सोडून केवळ सभासदांसाठी करार करायची तयारी असेल, तर फुकट्यांचा प्रश्नच उरत नाही. तयारी आहे का?

डेट्रॉइटचा_वायरमन :
नाही. तसे झाले, तर कंपनी आपल्या मर्जीतल्या चार जणांची दुसरी युनियन उभी करील आणि आम्हाला आपसांत झुंजवील. त्यामुळे मक्तेदारी आम्हालाही सोयीची आहे, हे मान्य. झाले समाधान?

भोसरीचा_कारखानदार :
अखेर खरे बाहेर आले. आता माझेही ऐका. गुप्त मतदानाने एकच युनियन ठरत असेल आणि ती तीन वर्षे करार पाळत असेल, तर तिची वर्गणी पगारातून कापून द्यायला मी आनंदाने तयार आहे. रोज नव्या झेंड्याशी बोलण्यापेक्षा ते परवडले.

डेट्रॉइटचा_वायरमन :
म्हणजे मिशिगनमध्ये जे झाले, तेच आपल्याला हवे आहे. अभिनंदन.

ओहायोची_परिचारिका :
मालक आणि युनियन यांचे जमले, हे पाहून धन्य झाले. विरोधात मत देणाऱ्याच्या पगारातूनही कापणार का, एवढे दोघांनी मिळून लिहावे. मी रात्रपाळीला निघते आहे. उत्तर सकाळी वाचीन.