बाबांचं एचएमटी जनता घड्याळ अचानक पुढे पळायला लागलंय

नौपाडाकर:
बाबांचं जनता आता मी वापरतो. रोज चावी देतो, पण हात राखून, कारण आई म्हणते जास्त पिळलीस तर स्प्रिंग तुटेल. इतके दिवस ठीक होतं, आता दिवसाला दहा-बारा मिनिटं पुढे जातंय. गोखले रोडवर एकाला दाखवलं, तर म्हणे ‘मशीन गेलं, त्याजागी सेलवरचं क्वार्ट्झ बसवून देतो’. खरंच गेलंय का?

जुना_घड्याळवेडा (वाशी):
मशीन गेलेलं नाही, आणि क्वार्ट्झ तर अजिबात टाकू देऊ नका! एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्येच घेतला. ते मशीन एकदा भंगारात गेलं की तसं परत मिळवताना नाकी नऊ येतील.

चांगलं चालणारं घड्याळ एकदम पुढे पळायला लागलं की माझा पहिला संशय चुंबकावर. रात्री ठेवता कुठे? स्पीकरजवळ? चुंबकी झाकणाच्या मोबाईल कव्हरवर? हेअरस्प्रिंगचे (चावीची नव्हे, ती केसासारखी बारीक स्प्रिंग) वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि बॅलन्स, म्हणजे तिच्यावर मागे-पुढे झुलणारं चाक, भराभर फिरतो. साधं सुईचं होकायंत्र घ्या (मोबाईलमधलं नको), त्यावर चालू घड्याळ हळूहळू फिरवा. सुई थरथरली तर चोर सापडला. चुंबक उतरवायला मिनिटभरही लागत नाही.

चावीचं म्हणाल तर आईंचं अर्धं बरोबर. पूर्ण भरली की ती अडते, तिथे थांबायचं. पुढे जोर लावलात तर मात्र काहीतरी मोडेल. पण हात राखून दिलेली चावी दुसऱ्या दिवशी ढिली पडते, बॅलन्सचा झोका लहान होतो आणि वेळ बिघडते. रोज एकाच वेळी भरा. मी चहाचं आधण ठेवलं की भरतो. आणि घड्याळ मनगटावरून काढून! हातात असताना चावी तिरकी ओढली जाते, दांडी झिजते.

ऐरोलीचा_पक्या:
काका, माझ्या ऑटोमॅटिकची (हात हलला की आपोआप भरणाऱ्या घड्याळाची) चावी कधी अडतच नाही. बिघडलंय?

जुना_घड्याळवेडा (वाशी):
नाही रे. ऑटोमॅटिकमध्ये चावीची स्प्रिंग ज्या डबीत असते, तिच्या भिंतीवर स्प्रिंगचं बाहेरचं टोक घसरतं, त्यामुळे अडायचा प्रश्नच नाही. फक्त रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नकोस, तेव्हा आतले दाते गुंतलेले असतात.

नौपाडाकर:
चुंबक उतरवायला कोणाकडे जाऊ? तो गोखले रोडवाला नको.

जुना_घड्याळवेडा (वाशी):
दुकानात शिरल्या शिरल्या विचारा, डीमॅग्नेटायझर आहे का. ‘ते काय असतं?’ म्हणाला तर घड्याळ खिशातून काढूच नका, पुढचं दुकान बघा.