स्विफ्टच्या चार पिढ्या: गाडी सुधारली की तिचा स्वभाव गेला?

चौथा_गिअर
मारुतीची 2005 ची पहिली स्विफ्ट आठवा. मागे ऐसपैस जागा नव्हती, डिक्कीही जेमतेमच, पण 1.3 लिटरचं पेट्रोल इंजिन हात मोकळा सोडला की खुलून पळायचं. छोटी गाडी चालवण्यातही मजा असते हे अनेकांना तिनंच दाखवलं. 2010 ला 1.2 चं के-सिरीज इंजिन आलं, 2011 ला दुसरी पिढी, 2018 ला तिसरी. तोवर चार सिलिंडर कायम होते. 2024 ला कंपनीनं तीन सिलिंडर बसवले आणि ताकद 90 वरून 82 पीएसवर (अश्वशक्तीवर म्हणा) आणली. माझ्या मते स्विफ्ट तिथेच संपली. उरलं ते नाव.

मागची_सीट
साफ असहमत. गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत 2014 ला एअरबॅग नसलेल्या स्विफ्टला शून्य तारे मिळाले होते. 2018 ला दोन, आणि 2022 ला नियम कडक झाल्यावर एकच. आता खालच्या व्हेरिएंटलाही सहा एअरबॅग आणि ईएसपी, म्हणजे गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा, मिळतं. घरातली माणसं मागे बसवून लांब जाणाऱ्याला विचारा, आठ पीएस जास्त मोलाचे की हे.

चौथा_गिअर
एअरबॅगला माझा विरोध नाहीच. पण 2018 आणि 2022, दोन्ही वेळा चाचणीत गाडीचा सांगाडाच अस्थिर ठरला होता. एअरबॅग वाढवून सांगाडा मजबूत होत नाही. आणि सुरक्षेसाठी एक सिलिंडर कमी करावा लागतो असंही नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवू या.

डिझेलवाला
तुम्ही दोघंही पेट्रोलवरच अडलात! स्विफ्टला खरा दम दिला तो फियाटच्या 1.3 डिझेलनं. 190 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद. दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली गाडी सुस्त, मग टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकायची. चढावर भरल्या गाडीत त्याला तोड नव्हती. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचं कडक मानक आलं आणि ते बंद झालं. मला विचाराल तर तोटा तेव्हाच झाला, 2024 ला नाही.

रेषा_आणि_वळण
दिसण्याबद्दल कुणीच बोललं नाही. तिसऱ्या पिढीत मागच्या दाराचं हँडल वर खांबात लपवलं होतं. लहान मुलांचा हात पोचायचा नाही. चौथीत ते पुन्हा दारावर आलं. चूक दुरुस्त करणं हीसुद्धा प्रगतीच. शिवाय चार पिढ्यांत लांबी सुमारे 3.7 मीटरवरून 3.86 वर गेली, एवढंच. चार मीटरच्या आतल्या करसवलतीसाठी हिची शेपूट कधी छाटावी लागली नाही, म्हणून बांधा अजून एकसंध दिसतो.

मागची_सीट
इंजिनाचंही बघा. टॉर्क 113 वरून 112, म्हणजे फरक नगण्य. आणि मॅन्युअलचं कागदावरचं मायलेज लिटरला 22.38 वरून 24.80 किलोमीटर झालं. रोज गर्दीतून जाणारा माणूस इंजिन सहा हजार आरपीएमवर नेतो कधी?

चौथा_गिअर
टॉर्कचं मान्य, मायलेजचंही. पण रिकामा रस्ता मिळाला की मी नेतो, दर रविवारी पहाटे. तीन सिलिंडरवाली दोनदा चालवून पाहिली. खालच्या गिअरमध्ये चटपटीत आहे, वर गेल्यावर आवाज वाढतो, वेग त्या मानानं नाही. तिसऱ्या पिढीतली चार सिलिंडरवाली चांगल्या अवस्थेत कुणी विकत असेल तर इथेच कळवा.