मदत हवी आहे: नव्या बोर्डांवरचे ३.३ व्होल्टचे रेग्युलेटर जॅक लावताक्षणी जातायत

मंडळी, आठ दिवस या प्रकाराने डोकं पिकलंय.

डाळिंबाच्या बागेतल्या ठिबकचे व्हॉल्व्ह उघडबंद करायला छोटा कंट्रोलर केलाय. १२ व्होल्टचा अडॅप्टर, त्यापुढे १११७ जातीचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (१२ चे ३.३ व्होल्ट करणारी चिप), त्यापुढे ईएसपी-३२ (कंट्रोलरचा मेंदू असलेलं मॉड्यूल). २० बोर्ड जोडले, ७ गेले. गेले म्हणजे रेग्युलेटरची इनपुट आणि आउटपुट पिन आतून शॉर्ट, आणि १२ व्होल्ट थेट ईएसपीवर, ज्याची मर्यादा ३.६. दहा रुपयांची चिप जाताना अडीचशेचं मॉड्यूल सोबत घेऊन जाते.

सोल्डरिंगचे डाग भिंगाखाली पाहिले, चांगले आहेत. टॅब (चिपचा धातूचा पत्रा) ग्राउंडला टेकलेला नाही (७८०५ या दुसऱ्या रेग्युलेटरची सवय असलेले इथेच फसतात, १११७ चा टॅब म्हणजे आउटपुट). आउटपुटला २२ मायक्रोफॅरडचा टँटॅलम कपॅसिटर, सुलटा लावलेला. उष्णता म्हणाल तर १०० मिलिअँपिअरला ०.८७ वॅट, चिप तापते, पण ही तापायच्या आधीच मरते.

टेबलावरच्या पॉवर सप्लायवर एकही बोर्ड गेला नाही. आणि भोकांच्या बोर्डावर हाताने केलेला पहिला नमुना दिवाळीपासून बागेत बिनतक्रार चालू आहे. सर्किट तेच. फक्त इनपुटचा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डबीच्या झाकणाला लागत होता म्हणून नव्यात १० चा सिरॅमिक टाकलाय. डेटाशीटप्रमाणे तेवढा पुरतो.

माल नकली असावा का? दुकान बदललं, त्यातलेही दोन गेले.

प्रतिसाद १
डुप्लिकेट चिप. दुसरं काय?

प्रतिसाद २
नकली असेलही, पण मग टेबलावर का जात नाही? तुम्ही "फक्त" म्हणून जे बाजूला टाकलंत ना, तिथेच घोळ आहे. अडॅप्टर आधी भिंतीत लावून मग जॅक खुपसता का? दीड मीटर वायरीचं इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला विरोध करायचा गुण) आणि जवळपास शून्य अंतर्गत रोध असलेला रिकामा सिरॅमिक, हा झोपाळाच झाला. जॅक टेकला की व्होल्टेज १२ वर न थांबता जवळजवळ दुपटीपर्यंत उसळू शकतं. तुमच्या चिपची कमाल मर्यादा किती? टेबलावरचा सप्लाय तुम्ही बटणाने चालू करत असाल, तो सावकाश चढतो. जुन्या इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध हा झोका गिळत होता. तो सिरॅमिकच्या शेजारी परत लावा, उंची नसेल तर आडवा झोपवा. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर सिंगल ट्रिगरवर, म्हणजे ती एकच उसळी पकडून, एकदा बघाच.

धागाकर्ता
दादा, पाय कुठे आहेत तुमचे! चिपची मर्यादा १५ व्होल्ट. भाच्याच्या कॉलेजात स्कोपवर पाहिलं: जॅक लावताच २१.६ व्होल्टचं टोक. १०० चा आडवा चिकटवल्यावर १३ व्होल्टच्याही खाली. उरलेल्या १३ पैकी एका बोर्डाला मुद्दाम चाळीस वेळा जॅक लावला-काढला, काही झालं नाही.

आता एकच शंका. या १३ बोर्डांनी आधी दोन-चारदा हा तडाखा खाल्लेलाच आहे. बागेत बसवण्याआधी त्यांचे रेग्युलेटर बदलून टाकू, की चालतायत तर चालू देत?

प्रतिसाद २
बदला. दहा रुपयांसाठी उन्हात बागेत फेऱ्या मारणार का?