आजारपण ही सबब, आणि पारायण?

शेवग्याची_शेंग
काल एका सदस्यांनी लिहिलं: "घरचं आजारपण आणि देवदेव यांच्या आडोशाला बसणाऱ्यांनी कादंबरीचं नाव काढू नये. रोज पाचशे शब्द. ज्याला लिहायचं असतं तो लिहितोच." तिथे उत्तर लांबत गेलं, म्हणून हा धागा.

आईचं डायलिसिस. सोम-बुध-शुक्र. मशीनवर चार तास, पण रिक्षा, नंबर, नंतर हात दाबून बसणं धरलं तर सकाळी सातला निघालेली मी दोनला घरी. पाणी मोजून; बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात. भेटायला येणारा हमखास शहाळं आणतो आणि त्यातलं पोटॅशियम तिला चालत नाही म्हटलं की तोंड पाडतो. रात्री तिच्या डाव्या मनगटावर बोट ठेवते. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिन्या, नीट चालू असला की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. ती लागली की मी झोपते.

कादंबरी सहाव्या प्रकरणात अकरा महिने अडलीये. नायिका एसटी स्टँडवर उभी. दत्तजयंतीला मात्र गुरुचरित्राचा सप्ताह केला. सांगा, लपले कुठे?

पाचशे_शब्द
"एका सदस्यांनी" म्हणजे मीच, घाबरू नका. आईंना बरं वाटो. पण हिशोब तुम्हीच दिलात. सात दिवस, रोज तीन तास धरा, एकवीस तास झाले. तेवढ्यात एसटी पंढरपूरला जाऊन परत आली असती. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली 'श्यामची आई' पाच दिवसांत लिहिली.

घाटवाट
तुरुंगात गुरुजींना कुणाचं वजन टिपायचं नव्हतं हो.

कोरा_कागद
लिहून तरी काय? मी तीनशे पानं पूर्ण केली. प्रकाशक म्हणे अर्धा खर्च तुम्ही द्या. दोनशे प्रती अजून पलंगाखाली आहेत.

पाचशे_शब्द
कोरा_कागद, तुमचा पलंग प्रत्येक धाग्यावर येतो.

औदुंबर_छाया
मूळ विषय राहू दे. दवाखान्यातून, रिक्षातून येऊन पोथी? सोवळ्याचं काय? आमच्या घराण्यात बायका गुरुचरित्र ऐकतात, वाचत नाहीत. नियम पाळायचे नसतील तर पारायण तरी का म्हणावं?

घाटवाट
आलं! सोवळं नेसून डायलिसिस सेंटरला एक दिवस या. महाराजांना कोण जास्त आवडेल ते तिथेच कळेल.

औदुंबर_छाया
महाराजांचं नाव टवाळीला वापरू नका.

मीठभाकर
माझी आजी संकट आलं की चौदावा अध्याय वाचायची. चुलीसमोर बसून, लुगड्याला हात पुसत. नव्वदीपर्यंत जगली. तिला कुणी नियम विचारले नाहीत, कारण विचारणाऱ्याला जेवायलाही तीच वाढायची.

औदुंबर_छाया
एक अध्याय वेगळा, त्रेपन्न अध्यायांचं पारायण वेगळं.

घाटवाट
आमच्या पोथीत बावन्न आहेत.

औदुंबर_छाया
पोथी कुठली?

(इथून एकोणीस प्रतिसाद फक्त यावरच. वगळून खाली या.)

मीठभाकर
शेवग्याची_शेंग, डायलिसिस फुले आरोग्य योजनेत बसवलंत ना? आणि भाऊ आहे का? असेल तर एक शुक्रवार त्याच्या गळ्यात घाला.

शेवग्याची_शेंग
योजनेत आहे. भाऊ आहे. फोनवर शहाळं सुचवतो.

औदुंबर_छाया, पहाटे साडेतीनला अंघोळ करून वाचलं. आणखी काही विचारायचं असेल तर महाराजांना विचारा, मला नको.

पाचशे_शब्द, एकवीस तासांचं खरं उत्तर देते. पोथीत पुढचं पान आधीच लिहिलेलं असतं. डोकं पिळलेल्या फडक्यासारखं झालं तरी ओव्या पुढे नेतात. कादंबरीत पुढचं मला ठरवावं लागतं. सातव्या प्रकरणात नायिकेची आई जाते. आराखडा चार वर्षांपूर्वीचा, तेव्हा आई ठणठणीत होती. आता एसटी आली की नायिका घरी पोचणार आणि मला ते लिहावं लागणार. लिहिलं तर होईल असं वाटतं. हसा खुशाल.

घाटवाट
मग त्या आईला वाचवा की! कादंबरी तुमची आहे.

शेवग्याची_शेंग
ती वाचली तर पुढची दहा प्रकरणं कशावर उभी करू?

पाचशे_शब्द
हे पहिल्यांदाच लिहिलं असतंत तर माझे दोन प्रतिसाद वाचले असते.

वडील आयसीयूत होते तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर मी रोज पाचशे शब्द लिहिले. अकरा दिवस. त्याचीच फुशारकी मारत आलोय. ती पानं नंतर एकदाही उघडली नाहीत. चांगली आहेत की नाहीत, ठाऊक नाही. आजारपण सबब नसते, हे माझ्यापुरतं मागे घेतो. पारायणाबद्दलचं घेत नाही. आणि सातवं राहू द्या, आठवं आधी लिहा. क्रमाने लिहायला ती पोथी नाही.

शेवग्याची_शेंग
उपकार झाले! आठव्यात तेराव्याचं जेवण आहे.

पाचशे_शब्द
मग नववं.

शेवग्याची_शेंग
बघते. उद्या बुधवार, सहाला उठायचंय.

औदुंबर_छाया
शेवटची अवतरणिका, म्हणजे सारांशाचा अध्याय, धरून त्रेपन्न. मोजून घ्या.