शास्त्रात कल्पना भारी म्हणून चालते की सांगणारा मोठा म्हणून?

खटपट्या: समाजशास्त्रज्ञ मर्टनचा मॅथ्यू इफेक्ट वाचतोय, १९६८ चा पेपर. म्हणणं असं की दोघांनी साधारण सारखंच काम केलं तरी श्रेय आधीच नाव असलेल्याच्या पदरात पडतं. पटतंय, पण खरं असेल ते उशिरा का होईना वर येतंच ना? मग एवढा बाऊ कशाला?

वाचनवेडी: उशिरा म्हणजे किती ते बघा ना. मेंडेलचा वाटाण्यांवरचा पेपर १८६६ ला छापला, दखल घेतली १९०० मध्ये, तोवर माणूस जाऊन १६ वर्षं झालेली. पण खापर नुसतं नावावर फोडू नका, आनुवंशिकतेत अशी आकडेमोड तेव्हा कोणी करतच नव्हतं, वाचणाऱ्यांना हे कशात बसवायचं तेच कळलं नसणार.
आणि मर्टनचा तो पेपर बराचसा हॅरिएट झुकरमनने घेतलेल्या नोबेलवाल्यांच्या मुलाखतींवर उभा आहे बरं का, तिचं नाव सहलेखक म्हणून हवं होतं हे त्याने नंतर स्वतःच लिहिलंय. आपण अजून मर्टन मर्टनच करतो 😄

तिरकस: पीटर्स आणि सेसीचा १९८२ चा उद्योग वाचा. मानसशास्त्रातले आधीच छापून आलेले १२ पेपर, लेखक आणि संस्थांची नावं बदलून खोटी, अनोळखी टाकली आणि ज्यांनी छापले होते त्याच जर्नल्सना परत पाठवले. ३ पकडले गेले, उरलेल्या ९ पैकी ८ नापास, आणि कारण काय तर बऱ्याच ठिकाणी म्हणे पद्धतीत गंभीर दोष!! अर्थात १२ म्हणजे सँपल अगदीच छोटं आणि रिव्ह्यूअर (छापण्याआधी पेपर तपासणाऱ्या) लोकांचं एकमेकांशी तसंही पटत नाही, त्यामुळे सगळं संस्थेच्या नावामुळेच झालं असं छातीठोक नाही म्हणता येत.

खटपट्या: मग नावं झाकूनच रिव्ह्यू करायचा, विषय संपला.

वाचनवेडी: नाही संपत. भूभौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स मोर्लीने १९६३ मध्ये समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तळ मधोमध फाकत जातो आणि नवा खडक त्या त्या वेळचं चुंबकत्व धरून ठेवतो असा. नेचर या जर्नलने पेपर परत पाठवला, दुसऱ्या जर्नलचा रिव्ह्यूअर तर म्हणाला की हे कॉकटेल पार्टीत बोलायला ठीक आहे. त्याच वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूजचा तोच मुद्दा नेचरमध्येच छापून आला! त्यांच्याकडे हिंद महासागरातला नवा सर्व्हे होता, मोर्लीकडे दुसऱ्यांचे छापलेले नकाशे. म्हणजे नाव झाकलं तरी डेटा कोणाच्या हातात आहे ते कसं झाकणार? आता काही पुस्तकांत व्हाइन-मॅथ्यूज-मोर्ली असं लिहितात, तिसऱ्या नंबरवर.