लायसन्स पुरेसं नाही, आय-९४ जवळ ठेवा

अमेरिकेत 'ड्रायव्हिंग लायसन्स खिशात असलं की झालं' असं बऱ्याचदा म्हटलं जातं, ते एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि ग्रीन कार्डवाल्यांना (कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना) लागू नाही. रिअल आयडी (केंद्र सरकारच्या निकषांप्रमाणे राज्यांनी दिलेलं लायसन्स किंवा ओळखपत्र) हासुद्धा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. एच-१बीवाल्यालाही तो मिळतो. १८ वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद सतत जवळ बाळगावा असं तिथला कायदाच सांगतो. न बाळगल्यास दंड किंवा ३० दिवसांपर्यंत कैद होऊ शकते.

ग्रीन कार्डवाल्यांनी मूळ कार्डच ठेवायचं. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका.

खरा घोळ एच-१बी आणि एच-४वाल्यांचा (एच-१बीवाल्यांचे जोडीदार व मुलं) होतो. पासपोर्टातला व्हिसा हा फक्त प्रवेशासाठी. मुक्कामाची मुदत आय-९४ (देशात प्रवेश दिल्याची सरकारी नोंद) ठरवतो, आणि तोच त्यांचा नोंदणीचा कागद. तो सीबीपीच्या (अमेरिकेचा सीमा व सीमाशुल्क विभाग) साइटवरून छापून घ्या. मुदतवाढ देशात राहूनच मिळाली असेल, तर नवा आय-९४ आय-७९७ए या मंजुरीपत्राच्या खालच्या भागात असतो, तो वापरा. भारतात जाऊन आलात की मात्र नवा आय-९४ तयार होतो आणि जुनी प्रत बाद होते. परतल्यावर लगेच तारीख तपासा: पासपोर्ट आधी संपत असेल तर बऱ्याचदा तिथपर्यंतचीच मुदत देतात.

नागरिक झालेल्यांवर कागद बाळगण्याचं असं बंधन नाही. हवंच असेल तर पाकिटात मावणारं पासपोर्ट कार्ड काढा. नॅचरलायझेशनचं (नागरिकत्व मिळाल्याचं) मूळ प्रमाणपत्र घरीच राहू द्या, हरवलं तर नव्या प्रतीसाठी एन-५६५ हा अर्ज भरून बराच काळ थांबावं लागतं.

आणि भेटीला आलेल्या आई-बाबांनाही हाच नियम आहे. सकाळी फिरायला जाताना त्यांच्या खिशात आय-९४ची प्रत आणि तुमचा फोन नंबर असू द्या.